हाताचा गुण

माझं दुकान दोन खुर्च्यांचं. दाराजवळची खुर्ची माझी आणि प्लायवुडच्या पार्टिशनमागची माझ्या लेकीची, ठकीची. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी केस कापून घ्यायला ती लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची, म्हणून मी ठकी म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. आता ती सव्वीस वर्षांची आहे आणि बायकांचे केस कापते. पार्टिशन छतापर्यंत पोचलेलं नाही. सुताराने माप घेताना घाई केली, मी त्याच्याशी तीन दिवस भांडलो आणि मग नाद सोडला. बायकांच्या बाजूला मागचं दार आहे, त्यामुळे तिकडून कोण आलं, कोण गेलं, मला दिसत नाही.

केस कापणारे आमच्या रस्त्यावर अजून तिघे आहेत आणि खरं सांगायचं तर त्यातला एक माझ्यापेक्षा बरा कापतो. पण डोकं दाबून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. बत्तीस वर्षं हेच. माणूस खुर्चीत बसला की मी दोन्ही अंगठे मानेच्या खोबणीत ठेवायचो आणि सांगायचो, हे चष्म्याचं दुखणं आहे, हे जागरणाचं, हे बायकोशी भांडल्याचं. लोक हसायचे आणि मान हलवायचे. अर्धशिशीच्या बायका गोळ्या सोडून ठकीला म्हणायच्या, तुझ्या बाबांना बोलव. 'यांच्या हाताला गुण आहे,' असं लोक माझ्यासमोर म्हणायचे, आणि मी 'छे हो' म्हणायचो. म्हणायचो खरं, पण ऐकायला थांबायचो.

माझ्या बायकोला सगळे मॅनेजर म्हणत. ती दारापाशी उंच स्टुलावर बसायची, मांडीवर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग. कोणाचा नंबर कितवा हे तिच्या डोक्यात असायचं, कागद नाही की पेन्सिल नाही. कोणी मध्येच घुसायला लागला तर ती नुसती बघायची. एक खुर्ची रिकामी झाली की 'पुढचा!' अशी हाक मारायची, ती पार समोरच्या किराणा दुकानापर्यंत जायची. तिचा आवाज ऐकून तिथे चहा पीत बसलेला माणूस कप तसाच ठेवून धावत यायचा. मी तिला चिडवायचो, तू लष्करात असतीस तर लढाया लवकर संपल्या असत्या. ती म्हणायची, 'तुमच्याशी संसार करून सराव झाला.'

त्या दुपारी दुकानात कोणी नव्हतं. ठकी केसांचा रंग आणायला घाऊक दुकानात गेली होती. मॅनेजर बेसिनपाशी वाकून टॉवेल पिळत होती. मी कात्रीला तेल देत होतो. ती एकदम सरळ झाली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अहो," ती म्हणाली, "मागून कोणीतरी हातोडा मारला."

मागे कोणी नव्हतं. भिंत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती बेसिनमध्ये ओकली. मी तिला धरून माझ्या खुर्चीत बसवलं. तिला उजेड सहन होईना, म्हणून शटर अर्धं ओढून घेतलं. मग मी जे बत्तीस वर्षं करत आलो तेच केलं. अंगठे मानेच्या खोबणीत ठेवले आणि दाबायला सुरुवात केली. मान लाकडासारखी कडक लागली. मी मनात म्हटलं, वाकून वाकून आखडली आहे. गरम टॉवेल ठेवला. अर्धा तास मी तिचं डोकं सोडलं नाही.

हळूहळू तिचा श्वास शांत झाला. डोळे मिटूनच तिने विचारलं, "डॉक्टरला दाखवू या का? असं कधी दुखलं नव्हतं हो मला. कधीच नाही."

आणि मी म्हणालो, "जगभरचे लोक डोकं घेऊन माझ्याकडे येतात आणि माझी बायको डॉक्टरकडे जाणार? शोभतं का?"

ती किंचित हसली. कुठूनतरी आणखी कोणी हसल्यासारखं वाटलं, पण रस्त्यावरून सतत कोणी ना कोणी जात असतं. मग तिला खुर्चीतच झोप लागली. तासाभराने उठली तेव्हा दुखणं पुष्कळ उतरलं होतं. "आहे बाई गुण," ती म्हणाली. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. मी आरशात स्वतःकडे बघितलं.

पुढचे दोन दिवस तिची मान जरा धरली होती. तीही उतरली. दहा दिवस ती रोजच्यासारखी स्टुलावर बसली, रोजच्यासारखी भांडली, टॉवेल धुतले.

अकराव्या दिवशी सकाळी माझी खुर्ची रिकामी झाली. मी कापड झटकलं आणि तिच्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. "पुढ—" एवढंच आलं. स्टूल कलंडलं. टॉवेल आधी पडले आणि त्यांच्यावर ती पडली.

इस्पितळात तिला पुन्हा थोडी शुद्ध आली. डोळे उघडत नव्हती, पण विचारलं की उत्तर द्यायची. मेंदूचे फोटो झाले, हाताच्या शिरेतून रंग सोडून आणखी फोटो झाले. दुपारी एका लहान खोलीत मला आणि ठकीला बोलावलं. सर्जनबाई माझ्या ठकीहून फार मोठ्या नसाव्यात. केस अगदी बारीक कापलेले, आणि कोणी कापले त्याने मागची रेघ वाकडी सोडली होती. अशा वेळीही माझं लक्ष तिथे गेलं. मला माझाच राग आला.

त्यांनी कागदावर एक रेघ काढली, तिला फाटा काढला आणि फाट्याच्या बेचक्यात एक फुगवटा काढला. "मेंदूची रक्तवाहिनी," त्या म्हणाल्या. "जिथे फाटा फुटतो तिथे कधीकधी भिंत पातळ असते. तिथे असा फुगा येतो. अनेक लोकांच्या डोक्यात असतो आणि त्यांना आयुष्यभर कळतही नाही. काहींचा फुटतो. यांचा फुटलाय. रक्त मेंदूभोवती पसरलंय."

"केवढा आहे?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"सहा मिलिमीटर."

केस कापायच्या मशीनला आकड्यांच्या फण्या असतात. दोन नंबरची फणी लावली की केस सहा मिलिमीटर राहतात. रोज आठ-दहा लोकांना मी दोन नंबर मारतो. एवढ्याशा गोष्टीने मॅनेजर पडते, हे माझ्या डोक्यात शिरेना.

"आत्ता तो आपोआप बंद झालाय, रक्ताची गुठळी धरून," बाई म्हणाल्या. "पण पुन्हा फुटू शकतो, आणि दुसऱ्यांदा फुटला तर बहुतेक माणसं वाचत नाहीत. म्हणून उद्या सकाळीच कवटी उघडून फुग्याच्या मानेला बारीक क्लिप लावायची. त्यानंतरचेही दोन आठवडे धोक्याचे असतात. सांडलेल्या रक्तामुळे बाकीच्या वाहिन्या आवळतात." मग त्यांनी पेन उचललं. "याच्या आधी कधी असं झालं होतं? गेल्या दोन-तीन आठवड्यांत? अचानक, एका क्षणात खूप जोरात डोकं दुखलं, उलटी झाली, मान आखडली?"

माझ्या तोंडातून 'हो' निघायला हवं होतं. माझ्या शेजारी ठकी बसली होती. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती तिचं झाकण फिरवत होती. बंद करायची, उघडायची.

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी ठकीकडे बघितलं. ठकी झाकणाकडे बघत होती. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझं ते 'नाही' होतं, तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर मशीन घेऊन आल्या. डाव्या बाजूचे पुढचे केस काढायचे होते. मी म्हणालो, "मी काढतो."

"काका, इथे तसं चालत नाही."

"सिस्टर, बाबांचं सलून आहे," ठकी म्हणाली. "काढू द्या ना."

सिस्टरनी कोणालातरी फोन करून विचारलं आणि मग मशीन माझ्या हातात दिलं. "अलगद. जोर अजिबात नको. डोकं हलवायचं नाही."

बत्तीस वर्षांत मी हजारो डोक्यांचे केस उतरवले असतील. तिचे केस मात्र कधी कापले नव्हते. ती ठकीकडून कापून घ्यायची, म्हणायची, तुम्ही मला गिऱ्हाइकासारखी गप्प बसवाल. केस दाट होते, कानामागे पांढरे. मी मशीन लावलं आणि पहिली बट खाली आली. ठकीने उशापाशी टॉवेल पसरून धरला होता. मशीननंतर सिस्टरनी ब्लेड दिलं, मी तेही फिरवलं, अगदी गुळगुळीत होईपर्यंत.

"कोण?" मॅनेजरने विचारलं. डोळे मिटलेलेच.

"मी."

"गर्दी आहे का दुकानात?"

"नाही. तुझाच नंबर आहे."

मग म्हणाली, "डोकं दाबा ना जरा."

माझा हात तिच्या डोक्यावरच होता. सिस्टर लगेच म्हणाल्या, "नाही हं काका. हात लावायचा नाही."

"नंतर दाबतो," मी म्हणालो.

"तुमच्या हाताने उतरतं हो. मागच्या वेळी उतरलं नव्हतं का?"

सिस्टर सलाइनच्या बाटलीत गुंतल्या होत्या. मी ठकीकडे बघितलं. ती टॉवेलाची चारी टोकं एकत्र करून आत केस बांधत होती, मान खाली. तिने ऐकलं नाही, असं मी ठरवून टाकलं. माणसाला जे हवं असतं ते ठरवायला काहीच वेळ लागत नाही.

ऑपरेशन नीट झालं. क्लिप बसली. दोन दिवस ती बोललीही, मला म्हणाली, दाढी करा, भिकारी दिसताय. तिसऱ्या दिवशी बोलणं अडखळलं. पाचव्या दिवशी उजवा हात उचलेना. बाईंनी सांगितलं होतं तेच चाललं होतं, वाहिन्या आवळत होत्या. त्यांनी औषधं बदलली, पुन्हा आत नळी घालून प्रयत्न केला, त्या दोनदा घरी न जाता थांबल्या. त्यांच्यावर मी एका अक्षराचाही बोल ठेवणार नाही. नवव्या दिवशी दुपारी मॅनेजर गेली.

कागदांवर सह्या करायला गेलो तेव्हा बाईंनी विचारलं, "यांच्या माहेरी असं कोणाला?"

"तिची आई," मी म्हणालो. "कपडे वाळत घालताना डोकं धरून बसली आणि गेली. पंचावन्न वर्षांची होती. तेव्हा लोक म्हणाले, ऊन लागलं."

बाईंनी ठकीकडे बघितलं. "मग तुमचा स्कॅन करायलाच हवा. आई आणि आजी, दोघींना. हे रक्ताच्या नात्यात येऊ शकतं. फुटण्याआधी सापडलं तर पुष्कळ काही करता येतं. फुटण्याआधीही कधीकधी एक छोटी गळती होते, लोक ती साधी डोकेदुखी समजून अंगावर काढतात. तेव्हा जरी आले ना..." त्या तिथेच थांबल्या. आमचं तर तसं काही झालं नव्हतं, माझ्याच शब्दाप्रमाणे. "याच महिन्यात या," त्या म्हणाल्या.

त्या महिन्यात ठकी गेली नाही. पुढच्याही नाही.

पहिले काही महिने मी दोनदाच विषय काढला. मग दर रविवारी काढायला लागलो. ती कंगवे धूत असायची. एकदा म्हणाली काम आहे, एकदा म्हणाली सर्दी आहे. मी आवाज चढवला तेव्हा तिनेही चढवला.

"आईला आधी काही कळलं होतं का?" ती म्हणाली. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "काही झालं होतं का तिला आधी? नाही ना? तुम्हीच सांगितलंत. उभी होती आणि पडली. मग मला आधी कळून काय करायचंय?"

तिला पटवायचं तर एकच गोष्ट सांगायला हवी होती. आधी कळलं होतं, तुझ्या आईला स्पष्ट कळलं होतं, तिने डॉक्टरचं नावही काढलं होतं आणि मी तिची थट्टा केली. ते सांगितलं तर पोरगी कदाचित स्कॅनला गेली असती. आणि ते सांगितलं तर ती पुन्हा कधी माझ्याकडे वर मान करून बघणार नाही, याची मला खात्री होती. मी तिच्या जिवापेक्षा तिची नजर जपत होतो. हे लिहितानाही लाज वाटते, पण आठ महिने मी तेच केलं.

दुकान चालू होतं. स्टूल दारापाशी तसंच होतं, कोणी त्यावर बसत नसे. नंबर कोणाचा यावरून गिऱ्हाइकं आपसात भांडायची. डोकं दाबायला आलेल्यांना मी दाबून देत होतो, पण अंगठे नुसते हलायचे. पलीकडे ठकीही माझं बघून बायकांची डोकी दाबायची, तिने ते बंदच केलं होतं. बायका विचारायच्या तर म्हणायची, मनगट दुखतं. मला ते खरंच वाटलं. कात्री धरणाऱ्यांचं मनगट दुखतंच.

मग एक दिवस सकाळी ड्रायव्हर आला. शाळेच्या बसवर होता, आता निवृत्त आहे, माझं जुनं गिऱ्हाईक आणि बडबड्या. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "केस राहू द्या. आधी डोकं दाबा. काल जिना चढताना डोक्यात एकदम बार उडाला हो. गुडघेच गेले माझे. आता जरा कमी आहे, पण मान धरलीय."

माझे अंगठे त्याच्या मानेवर टेकले होते. मान लाकडासारखी होती. मी हात काढून घेतले.

"उठा," मी म्हणालो.

"काय?"

"उठा आणि इस्पितळात जा. आत्ता. चालत नाही, गाडी करून जा. मेंदूचा फोटो काढा म्हणावं."

ड्रायव्हर हसायला लागला. "अहो, इस्पितळातून बरे न झालेले तुमच्याकडे येतात! हाताला गुण आहे तुमच्या. दाबा मुकाट्याने."

"काही गुण नाही माझ्या हाताला!" मी ओरडलो. बाकावर बसलेल्या दोघांनी वर्तमानपत्र खाली केलं. "उठा म्हणतो ना! की ढकलून काढू?"

तो उठला. असा काही माझ्याकडे बघत गेला, जणू मला वेड लागलंय. बाकावरच्यांपैकी एकाने त्याला गाडीत बसवून दिलं आणि तो स्वतःही बरोबर गेला. दुसरा हळूच निघून गेला. दुकान रिकामं झालं.

ठकी पार्टिशनच्या कडेला उभी होती. हातात ओला ब्रश, त्याचं पाणी तिच्या चपलेवर ठिबकत होतं.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?" तिने विचारलं.

मी म्हणू शकलो असतो की सर्जनबाईंनी सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण आठ महिने एक शब्द घशात घेऊन जेवत होतो, झोपत होतो. आता होईना.

"तुझ्या आईला असंच दुखलं होतं," मी म्हणालो. "पडायच्या अकरा दिवस आधी. इथेच. बेसिनपाशी. तू रंग आणायला गेली होतीस. ती ओकली. मान अशीच कडक होती. मी या खुर्चीत बसवून तिचं डोकं दाबलं. ती म्हणाली डॉक्टरकडे जाऊ या. आणि मी..."

"जगभरचे लोक डोकं घेऊन माझ्याकडे येतात," ठकी म्हणाली, "आणि माझी बायको डॉक्टरकडे जाणार?"

शब्द न् शब्द तोच होता.

"घाऊक दुकान बंद होतं," ती म्हणाली. "मी लगेच परत आले, मागच्या दाराने. आई म्हणत होती असं कधीच दुखलं नव्हतं. मी इथेच ब्रश धूत होते. तुम्ही तसं म्हणालात आणि मी हसले. बाबा, मी हसले. मला वाटलं, बाबा आहेत ना."

तिने हातातला ब्रश खाली ठेवला.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी थांबले होते," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणाल, मग मीही सांगेन. तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, आता मी सांगितलं तर बाबा खोटे पडतील. आणि खरं तर मला बरंच वाटलं. मलाही सांगायचं नव्हतं. मग आई म्हणाली, मागच्या वेळी उतरलं होतं. तेव्हाही मी टॉवेल बांधत बसले."

"ऐकलं होतंस?"

"सगळं ऐकू येतं इथे. सुताराने माप चुकवलंय ना."

ती रडायला लागली, आणि मीही. दोघांनी एकमेकांना धरलं वगैरे नाही. ती पार्टिशनला टेकून खाली बसली, मी खुर्चीत. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "म्हणून जात नाहीस का स्कॅनला?"

तिने मान डोलावली. "त्या बाई पुन्हा विचारतील. आईला आधी कधी दुखलं होतं का. त्यांच्यासमोर मला परत नाही म्हणता येणार नाही. आणि हो म्हटलं तर तुमचं काय?"

म्हणजे मी तिची नजर जपत होतो आणि ती माझी अब्रू. आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते बघायला मात्र कोणी मोकळं नव्हतं.

"उद्या जाऊ," मी म्हणालो. "मी सांगतो."

ड्रायव्हरचं म्हणाल तर त्याला काहीही निघालं नाही. मेंदू ठणठणीत, मान उशीने आखडलेली. संध्याकाळी त्याने फोन करून मला अर्धा तास शिव्या दिल्या, त्याचा सगळा दिवस गेला म्हणून. मी सगळ्या ऐकून घेतल्या. असल्या शिव्या मला तेव्हा मिळाल्या असत्या तर, असं वाटत राहिलं. मॅनेजरने दिल्या असत्या, दिवस फुकट घालवला म्हणून.

सर्जनबाईंनी आम्हाला ओळखलं. केस आता मानेपर्यंत वाढले होते त्यांचे. फॉर्मवर तोच प्रश्न होता, मी त्यांनी विचारायची वाटच बघितली नाही.

"तिला आधी दुखलं होतं," मी म्हणालो. "अकरा दिवस आधी. मी तुम्हाला नाही म्हणून सांगितलं, ते खोटं होतं."

पेन थांबलं. "तेव्हा काय केलं तुम्ही?"

"डोकं दाबलं."

"आणि मी हसले," ठकी म्हणाली. बाईंना ते कळलं नसावं, पण त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "दाबल्यामुळे तो फुटला नाही. ते मनातून काढा. पण तेव्हा आला असता तर वाचल्या असत्या का, असं विचाराल तर... शक्यता बरीच जास्त होती. तुम्हाला खोटं सांगून मला बरं वाटणार नाही."

"नका सांगू," मी म्हणालो.

स्कॅनच्या खोलीबाहेर एका माणसाने सांगितलं, अंगावर धातूचं काही नको. ठकीने कानातलं काढलं, घड्याळ काढलं. केसांत पिना होत्या. तिने माझ्याकडे पाठ केली आणि मान खाली घातली, लहानपणी बसायची तशी ताठ.

"बाबा, काढा."

आठ महिन्यांत मी तिच्या डोक्याला हात लावला नव्हता. सात पिना होत्या. एकेक काढून मी खिशात टाकली. डोकं गरम होतं. शेवटची पिन निघाल्यावरही ती हलली नाही.

"जरा दाबा ना," ती म्हणाली. "दुखत नाहीये. असंच."

माझे अंगठे तिच्या मानेवर गेले. पण जोर येईना. नुसते टेकवून उभा राहिलो, मग त्या माणसाने तिला आत बोलावलं.

निकाल दुसऱ्या दिवशी मिळाला. बाईंनी पुन्हा कागदावर रेघ काढली, फाटा काढला. बेचक्यात फुगा काढताना त्यांनी पेन अगदी हलकं टेकवलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण लहान. तीन मिलिमीटर. एवढ्याला आत्ता हात लावत नाहीत, नजर ठेवतात. दर वर्षी फोटो. ब्लडप्रेशर सांभाळायचं, सिगारेट नाही. आणि एकदम, एका क्षणात, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, तर—"

"तर इथे," ठकी म्हणाली. "बाबांकडे नाही."

त्या हसल्या. ठकीही हसली, मीही हसलो. काय करणार.

बाहेर लांब कॉरिडॉर होता. आम्ही बाकावर बसलो. तिने रिपोर्ट मांडीवर ठेवला होता, दोन्ही हात त्यावर. समोरून एक बाई ट्रॉली ढकलत गेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं.

"तीन म्हणजे एक नंबर," ठकी म्हणाली.

एक नंबरची फणी. आठ-नऊ दिवसांचे केस. मी काय विचार करत होतो ते मला तिला सांगायचं नव्हतं.

"शेवटच्या दिवशी," ती म्हणाली, "आईची पट्टी काढली होती. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. मी हात फिरवला. डाव्या बाजूला एवढेच आले होते. टोचत होते हाताला." तिने बोट आणि अंगठा जवळ आणून अंतर दाखवलं. बरोबर तीन होतं, आमच्या हातांना ते चुकत नाही. "तुम्ही बघितले होते का?"

तिच्याआधी, सकाळी, सिस्टर बाहेर गेल्या होत्या तेव्हा, कोणी बघत नाही असं बघून मीही हात फिरवला होता.

"हो," मी म्हणालो.